गर्भाशय, वार आणि मुलीचे रक्त

(पालक व विद्यार्थिनींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मुख्याध्यापिकाबाईंनी मला 'आरोग्य' या विषयावर बोला असे सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले की हा विषय समुद्राएवढा आहे. मला एकाच अवयवाविषयी बोलू द्या. हा अवयव येथे बसलेल्या प्रत्येकाने नऊ महिने वापरला आहे, आणि पाहिला मात्र बहुतेकांनी नाही. मराठीत त्याला वार म्हणतात. उर्दू बोलणाऱ्या आपल्या घरांतून आंवल म्हणतात. बाळाच्या पाठोपाठ ती बाहेर पडते, दाई किंवा नर्स ती बाजूला नेते, आणि खेड्यांत कोणी तरी खड्डा करून पुरून टाकते. तिची एवढीच दखल आपण घेतो.

पुढच्या रांगेतील काही माता ओढणी सावरून खाली पाहू लागल्या आहेत. त्यांना माझी विनंती आहे की लाजू नये. ज्या गोष्टीवर आपल्या लेकीचा जीव अवलंबून असतो, ती बापानेही ऐकावी आणि भावानेही. म्हणूनच आज पुरुषांनाही बोलावले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करते. यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. जेवण जाते ते पोटात, आणि मूल असते तेही पोटात. त्यामुळे कित्येक घरांत समजूत आहे की सुनेने पोटभर खाल्ले तर मुलाला जागा उरत नाही, किंवा मूल फार मोठे होऊन बाळंतपण अडते. वस्तुतः जेवण जाते जठरात. ते बरगड्यांच्या खाली डाव्या अंगाला असते. मूल वाढते गर्भाशयात; तो खाली कटिरात, मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मध्ये असतो. या दोन वेगळ्या पिशव्या आहेत आणि एकीचे तोंड दुसरीत उघडत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत वाढलेला गर्भाशय जठराला वर रेटतो, म्हणून चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, हे खरे. त्यावर उपाय कमी खाणे हा नव्हे. थोडे थोडे, पण अधिक वेळा खावे.

गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे. एरवी तो उलट्या ठेवलेल्या लहान नाशपतीएवढा असतो. वजन साठ-सत्तर ग्रॅम, आणि आतील जागा इतकी थोडी की दोन चमचे पाणीही त्यात मावणार नाही. नऊ महिने भरतात तेव्हा त्याचेच वजन एक किलोच्या वर जाते, आणि मूल, पाणी व वार मिळून सुमारे पाच लिटरचा ऐवज तो सांभाळतो. शरीरातील एवढा बलवान स्नायू, पण या सर्व काळात त्याचे मुख्य काम स्वस्थ राहणे हे असते. तो अवेळी आकुंचन पावला तर मूल कच्चे बाहेर पडेल. त्याला शांत ठेवणारे प्रोजेस्टेरॉन नावाचे द्रव्य आरंभी आईच्या बीजकोशातून येते आणि दोन-अडीच महिन्यांनंतर वारच ते तयार करू लागते. म्हणजे ज्या घरात राहायचे, त्या घराला शांत ठेवण्याची व्यवस्था पाहुणाच करतो!

हे पाहुण्याचे काम आहे असे मी मुद्दाम म्हटले. गर्भधारणेनंतर सहाव्या-सातव्या दिवशी, खसखशीच्या दाण्याहून लहान असा पेशींचा एक गोळा गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. त्याच्या आतल्या पेशींतून मूल घडते आणि बाहेरच्या पेशींतून वार घडते. तेव्हा वारेचा मोठा भाग आईचा नसून मुलाचा असतो आणि त्यात बापाचाही निम्मा वाटा असतो. बापाने हे लक्षात ठेवावे. गर्भारपण ही एकट्या बायकोची बाब आहे असे म्हणण्याचा अधिकार निसर्गाने त्याला दिलेला नाही.

पहिले दहा-बारा आठवडे आईचे रक्त वारेत मोकळेपणी येत नाही. रक्तवाहिन्यांची तोंडे पेशींच्या बुचांनी बंद असतात, आणि इवल्या गर्भाचे पोषण गर्भाशयाच्या अस्तरातील ग्रंथींच्या रसावर होते. तिसरा महिना संपतो तेव्हा त्याचे वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम असते. म्हणून ओकाऱ्यांमुळे या दिवसांत सून नीट जेवली नाही तर घाबरून जाऊ नये. फक्त पाणीही पोटात ठरत नसेल तर दवाखाना गाठावा. मात्र याच आठवड्यांत हृदय, हात, पाय, डोळे सर्व आकार घेत असतात. या काळात दुकानातून मनाने आणलेली गोळी घेणे फार धोक्याचे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध विक्रीस आले आणि गर्भारपणातल्या मळमळीवर अनेक देशांत दिले गेले. १९६१ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत दहा हजारांहून अधिक मुले आखूड किंवा नसलेल्या हातापायांची जन्मली.

आईचे रक्त थेट मुलाच्या अंगात वाहते असे पूर्वी पुष्कळ विद्वानही मानीत. आजही 'माझ्या रक्तावर पोसलेले मूल' असे आपण म्हणतो. लंडनमध्ये १७५४ साली मॅकेंझी नावाच्या डॉक्टरने गर्भारपणी मृत्यू पावलेल्या एका स्त्रीच्या रक्तवाहिन्यांत मेण भरले, आणि जॉन हंटर या शस्त्रवैद्याने ती वार उकलून पाहिली. आईच्या बाजूने भरलेले मेण मुलाच्या वाहिन्यांत उतरले नव्हते. दोन रक्ते शेजारी वाहतात पण मिसळत नाहीत हे यातून कळले. जॉनचा थोरला भाऊ विल्यम हाही नामवंत प्रसूतितज्ज्ञ होता. गर्भवतीच्या गर्भाशयाची चित्रे असलेला त्याचा मोठा ग्रंथ १७७४ मध्ये निघाला. या शोधाचे श्रेय कोणाचे यावरून १७८० मध्ये दोघा सख्ख्या भावांत उघड भांडण जुंपले. विद्वानांच्या घरीही वाटणीचे तंटे असतात ते असे.

आता वार प्रत्यक्ष कशी असते ते सांगते. पुऱ्या दिवसांची वार म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटर रुंदीची, मधोमध बोटभर जाडीची, अर्धा किलो वजनाची गडद तांबडी भाकरी समजा. एका बाजूने ती गुळगुळीत असून तिच्यातून नाळ निघते. दुसरी बाजू गर्भाशयाला चिकटलेली आणि खडबडीत असते. तिच्या आत झाडाच्या मुळांना फुटतात तसे असंख्य बारीक अंकुर असतात. अंकुरांच्या आत मुलाचे रक्त खेळते, आणि बाहेरून आईचे रक्त त्यांना न्हाऊ घालते. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा पातळ पडदा असतो. हे सर्व अंकुर उलगडून पसरले तर दहा बाय बारा फुटांच्या खोलीची जमीन झाकली जाईल. गर्भाशयाकडे शेवटच्या महिन्यांत दर मिनिटाला सहाशे-सातशे मिलिलिटर रक्त जाते. हा आकडा लक्षात ठेवा. मी त्याकडे परत येणार आहे.

विद्यार्थिनींनो, नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला असते. येथे शुद्ध रक्त नीलेतून मुलाकडे जाते आणि अशुद्ध रक्त रोहिण्यांतून वारेकडे येते. परीक्षेत हे हमखास चुकते.

या पडद्यापलीकडे काय जाते? मुलाची फुप्फुसे, आतडी आणि मूत्रपिंडे अद्याप पुरती कामाला लागलेली नसतात. त्या तिन्हींचे काम वार करते. आईच्या रक्तातील प्राणवायू पलीकडे जातो. मुलाचे हिमोग्लोबिन आईच्यापेक्षा प्राणवायूला अधिक घट्ट धरते, म्हणून तो ओढला जातो. साखर जाते. प्रथिनांचे घटक, चुना आणि लोह तर वार जोर लावून, आईकडे थोडे असले तरी, पलीकडे घेते. शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्येही मुलाला मिळतात. आईला धनुर्वाताचे इंजेक्शन देतात ते याचसाठी: सुई टोचते आईच्या दंडात आणि संरक्षण मिळते बाळाला. एके काळी न धुतलेल्या विळ्याने नाळ कापल्यामुळे आठवड्याच्या आत बाळे दगावत. २०१५ मध्ये बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्याची अधिकृत पुष्टी झाली. त्यात या अर्धा किलोच्या वारेचा वाटा मोठा आहे.

परंतु वार म्हणजे किल्ल्याचा तट नव्हे. जर्मन गोवराचा विषाणू तिच्यातून जातो. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांना जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे पाहून तो छडा लागला. चुलीचा व विडीचा विषारी धूरवायू जातो. तंबाखूचे निकोटीन जाते. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका म्हणतात, 'मी कुठे तंबाखू खाते, दात घासते.' बाईसाहेब, दात तुमचे घासले जातात आणि निकोटीन मुलापर्यंत पोहोचते.

आणि वारेची दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. आईजवळ जे नाही ते ती कोठून देणार?

येथे मुंबईची एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आली. गिरणगावातील गरीब बायका गर्भारपणात विलक्षण फिकट पडून मरत. त्याचे कारण शोधण्याचे काम तिने परळच्या हाफकिन संस्थेत हाती घेतले. जंतू सापडेनात. मग तिने कोणत्या समाजातील बायका काय खातात ते पाहिले. ज्यांचा आहार सर्वांत निकस आणि ज्यांना हा रोग सर्वांत अधिक, त्या निघाल्या गरीब मुसलमान बायका. तुमच्या-माझ्या पणज्या. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर त्या सुधारल्या, आणि १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. तेच फोलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत ते लोहाबरोबर असते. जगभरच्या बायका जी गोळी घेतात तिची वाट आपल्या मोहल्ल्यांतून गेली आहे, आणि आपल्याच घरी ती फेकली जाते!

या फोलिक ॲसिडची एक अडचण आहे. मुलाचा मेंदू आणि कणा ज्या नळीतून घडतो ती नळी गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांत बंद होते. तोपर्यंत पुष्कळ मुलींना आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते. गोळी कळल्यावर सुरू केली, तर या एका कामासाठी उशीर झालेला असतो.

लोहाचा हिशेबही असाच. एका गर्भारपणात सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह लागते. तीनशेच्या आसपास मूल आणि वार घेतात, पाचशेच्या आसपास आईचे वाढलेले रक्त घेते, बाकीचे नेहमीच्या झिजेत जाते. रोजच्या चांगल्या जेवणातून अंगी लागते ते एक-दोन मिलिग्रॅम. दोनशे ऐंशी दिवसांना गुणून पाहा, विद्यार्थिनींनो. बेरीज जुळत नाही. उरलेले आधीच्या साठ्यातून आणि गोळीतून आले पाहिजे. आणि साठा हा माहेरी होतो. तेरा ते अठरा या वयात मुलगी स्वतः वाढत असते आणि दर महिन्याला रक्तही जाते. तेव्हा तिच्या ताटात काय पडते यावर पुढचे सर्व ठरते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलींपैकी एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. जी मुलगी अजून स्वतः वाढते आहे तिला गर्भ राहिला, तर एकाच शिदोरीवर दोन मुले वाढू पाहतात. लग्नाचे वय अठरा हे कायद्याने ठरवले आहे, पण शरीरशास्त्राचेही त्याबद्दल काही म्हणणे आहे.

आमच्या घरांत गोश्त शिजत नाही असे नाही. पण दस्तरखानावर बोट्या कोणाच्या ताटात जातात आणि रस्सा कोणाच्या, हे पाहिले आहे का? पुरुष जेवतात, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटी सून भांड्याला लागलेल्या मसाल्याशी रोटी पुसून खाते. मी हे कोणाला हिणवण्यासाठी बोलत नाही. माझ्या आईच्या घरीही असेच होते. रमजानमध्ये गरोदर बाईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे हे आपण सर्व जाणता. तिने ती घेतली तर घरात कुजबुज होऊ नये, इतके तरी आपण करू शकतो.

आता तो सहाशे-सातशे मिलिलिटरचा आकडा. मूल जन्मल्यावर वार सुटते आणि तिच्यामागे शंभराच्या वर उघड्या रक्तवाहिन्यांची तोंडे राहतात. त्यांना कोण बांधते? गर्भाशयच. त्याचे स्नायू आडवेतिडवे विणलेले असतात. ते आवळले की प्रत्येक वाहिनीभोवती जणू जिवंत गाठ बसते. नऊ महिने स्वस्थ राहिलेल्या स्नायूचे खरे काम या घटकेला असते. तो सैल राहिला, किंवा वारेचा तुकडा आत अडकला, तर काही मिनिटांत बाई रिती होऊ लागते. म्हणूनच जाणती दाई वार उलटसुलट करून ती पुरी आली का ते पाहते. बाळंतपण दवाखान्यात करा म्हणून आम्ही ओरडतो ते मुख्यतः या अर्ध्या तासासाठी. निरोगी बाई अर्धा लिटर रक्त गेले तरी सावरते, कारण गर्भारपणात तिचे रक्त वाढलेले असते. जिच्या अंगात मुळातच रक्त नाही तिला तेवढेही परवडत नाही.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एकोणीस वर्षांची मुलगी, पहिलेच बाळंतपण. सव्वादोन किलोची मुलगी झाली, रडली, सर्वांना आनंद झाला. वार पडली, पुरी होती. आणि रक्त थांबेना. कागदावर तिचे हिमोग्लोबिन साडेसहा होते. इंजेक्शने दिली, मी मुठीने गर्भाशय दाबून धरला, गल्लीतली चार पोरे रक्त द्यायला धावली. पहाटे ती सावरली. बाहेर तिची आई बसली होती. मी रागाने विचारले, इतके दिवस काय करीत होता? ती म्हणाली, "डॉक्टरनीबाई, आमच्याकडे हिला कसलाच आजार नव्हता. नुसती आळशी होती. जिना चढली की बसायची, आणि चोरून कच्चे तांदूळ खायची."

आजार नव्हता हे त्या माउलीला खरेच वाटत होते. दमणे आणि तांदूळ, माती, खडू खावेसे वाटणे ही रक्त कमी असल्याची लक्षणे आहेत, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि माझाही दोष होता. सातव्या महिन्यात ती मुलगी मला दाखवून गेली होती. मी गोळ्या लिहून दिल्या. घेतेस का, हे विचारले नाही. शौचास काळे होऊ लागले म्हणून ती घाबरली, शेजारणीने सांगितले की या गोळ्यांनी मूल काळे होते, आणि पुडी कोनाड्यात गेली. लोहाने शौच काळे होते, मुलाच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही, हे दोन वाक्यांत सांगता आले असते. तेव्हापासून मी ती दोन वाक्ये प्रत्येकीला सांगते.

शाळेत दर आठवड्याला सहावीपासून पुढच्या मुलींना निळी गोळी मिळते. त्यात लोह आणि फोलिक ॲसिड दोन्ही असतात. ती जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर घेतली तर निम्मे लोह वाया जाते. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर चांगले. मुलींनो, मळमळले तर बाईंना सांगा, पण गोळी बाकाखाली टाकू नका. शिपाई बाईंना झाडताना किती सापडतात ते मी विचारून आले आहे.

त्या रात्री जन्मलेली सव्वादोन किलोची मुलगी आता नववीत आहे. गेल्या महिन्यात तिची आजी तिला घेऊन आली. रक्त नऊ निघाले. या वयात बारा तरी हवे. दप्तर उघडले तर तळाशी निळ्या गोळ्यांची न फोडलेली पट्टी. मी आजीकडे पाहिले. ती म्हणाली, "आजार कसलाच नाही, डॉक्टरनीबाई. नुसती आळशी आहे."

आज मागच्या प्रयोगशाळेत मुलींच्या रक्ताची तपासणी ठेवली आहे. बोटातून एकच थेंब घेतात, दुखत नाही. आकडा लिहिलेली चिठ्ठी मुलीच्या हाती मिळेल. मातांचीही करून देऊ. रांगेत मुलींच्या मागे उभ्या राहा. तपासणी असर होईपर्यंत चालू राहील, आणि ज्यांना वारेचे चित्र पाहायचे असेल किंवा काही विचारायचे असेल त्यांच्यासाठी मी तोवर तेथेच आहे.